कोरी सोडलेली ओळ

माझा सह्याद्रीतल्या घाटवाटांवरचा प्रबंध मुलुंडला एका बाईच्या टायपिंगच्या दुकानात टाइप होत होता. ती सगळ्यांना अरे-तुरे करते. वाक्य पुटपुटत टाइप करते आणि एखादं पटलं नाही, तर तेवढी जागा कोरी सोडते.

शेवटच्या प्रकरणात मी लिहिलं होतं, ‘डोक्यावर भारा घेऊन घाट चढताना बायका म्हणत ती गाणी आता कोणालाच येत नाहीत.’ नेमकी तीच ओळ कोरी आली.

"ही ओळ राहिली," मी म्हटलं.

"राहिली नाही, सोडलीय. तू विचारलंस कोणाला? पुरुषांनाच ना?"

खरं होतं. तिने आपल्या गावी फोन लावून स्पीकरवर ठेवला. "आई, घाटाचं गाणं म्हण."

पलीकडून चिरका, ठाम आवाज आला. प्रत्येक वळणाचं एक कडवं होतं आणि म्हातारी दम घ्यायला थांबायची ती वळणावरच. झेरॉक्सला आलेली माणसंही ऐकत उभी राहिली.

मी ते वाक्य खोडलं आणि तिच्या गावी जाऊन तिच्या आईकडून सगळी गाणी उतरवून आणली. नवं प्रकरण तिने एका बैठकीत टाइप केलं, या वेळी पुटपुटत नाही, मोठ्याने गात. त्यात एकही जागा कोरी नव्हती.