एझ्रा आणि आयडा यांचा फोटो

नागपूरला नर्सची नोकरी करून रिटायर झालेल्या कांताताई नवरा गेल्यावर मुलाकडे, कुशलकडे, अमेरिकेत शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आल्या. दिवसभर घर रिकामं. बोलायला मिळाल्या त्या शेजारच्या लोरेन, ऐंशी पार केलेल्या, एकट्या राहणाऱ्या निवृत्त कृष्णवर्णीय शिक्षिका.

लोरेनच्या हॉलमध्ये एक मोठा फोटो होता, शंभर वर्षांपूर्वीचा. थ्री-पीस सुटातला काळा पुरुष, जाकिटावर घड्याळाची साखळी. शेजारी बायको, कोटाला फरची कॉलर, गळ्यात मोत्यांचा सर. दोघांच्याही माना ताठ.

“माझे आजीआजोबा. एझ्रा आणि आयडा,” लोरेन म्हणाल्या. “शिकागोत त्यांचं शिवणकामाचं मोठं दुकान होतं. हा सूट आजोबांनीच शिवलाय. पण गोऱ्यांच्या घरी मापं घ्यायला मागच्या दारानेच जावं लागायचं.”

कांताताई बघतच राहिल्या. मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगू लागल्या. त्यांच्या वडिलांनी, दादारावांनीही एकदा कोट शिवून घेतला होता. तालुक्याला जाऊन फोटो काढायचा म्हणून. गावच्या चौकातच लोकांनी तो अंगावरून ओरबाडला. ‘तुम्हाला रे कशाला कोट?’ म्हणाले. दादाराव घरी आले आणि दाराकडे पाठ करून बसले. पुढे जन्मात ना कोट घातला, ना फोटो काढला.

लोरेननी त्यांचा हात धरला.

हिवाळ्यात लोरेन गेल्या. घर रिकामं करायला टेक्सासहून त्यांचा भाचा डेसमंड आला. टाकायच्या सामानात फोटो भिंतीला टेकवून ठेवलेला.

“तुम्हाला हवा तर न्या,” तो भेटायला आलेल्या कांताताईंना म्हणाला. “कोण आहेत, मला माहीतही नाही.”

कांताताईंना हवा होता. फार हवा होता. त्यांनी उचललाही. मग त्याच्यासमोर धरला.

“हे तुझे पणजोबा. सूट त्यांनी स्वतः शिवलाय.”

डेसमंड खोक्यावर बसला. एकेक विचारत गेला, कांताताई ठाऊक होतं तेवढं सांगत गेल्या. शेवटी त्याने फोटो ब्लँकेटमध्ये गुंडाळून गाडीत ठेवला.

“आई, ठेवून घ्यायचास ना, तो देत होता तर,” संध्याकाळी कुशल म्हणाला.

“त्याच्या घरची माणसं आहेत ती.”

एवढंच बोलून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ सोडून रडल्या.

लोरेनचं घर विकलं गेलं. नवीन लोक चांगले आहेत म्हणतात. कांताताई अजून तिकडे गेलेल्या नाहीत.