जिलेबीच्या रंगानं शीर शोधली

आमी दोघा नवरा-बायकोनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तिच्या हाताला जिलेबीचा पिवळा रंग चोळला. दुसऱ्या दिवशी तिला बारामतीला सलाईन लावायला न्यायचं होतं आणि ती हटून बसली होती.

"मी येत न्हाय. त्या नर्स पोरींना शीर घावत न्हाय. नुसतं टाके घातल्यावानी टोचत बसत्यात."

खोटं नव्हतं. आजारानं ती पार वाळली होती, शिरा आत दडल्या होत्या. सुई घालायची, आतल्या आत फिरवायची, काढायची, परत दुसरीकडं. दोन्ही हात काळेनिळे. पण पोटात अन्न ठरत नव्हतं. सलाईन न्हाय लागलं तर बाई जगायची कशी?

इंदापूरला दिलेल्या लेकीची लेक पुण्यात प्रयोगशाळेत शिकते. आजीला बघायला आली तेव्हा तिनं सांगितलं होतं, तिकडं परदेशात उंदराच्या पोटावरची लव काढून खायचा पिवळा रंग चोळला, तर कातडी काचंसारखी झाली. आतडी हलताना दिसली. उंदीर जिता. रंग धुतला की कातडी होती तशी.

मी म्हणालो, "थापा मारू नको."

तिनं भज्याचा कागद उचलला. "आबा, कोरड्या कागदातनं पलीकडचं दिसतं का? तेल मुरलं की दिसतं. उजेड अडखळत न्हाय, सरळ जातो. तसंच हाय हे."

ते मला पटलं. तेलकट कागदातनं मला माझी बोटं दिसत होती. माणसावर अजून कुणी केलं न्हाय, असंही ती म्हणाली, पण माझं ध्यान त्या कागदावर.

म्हणून त्या दिवशी पणदऱ्यातल्या किराणा दुकानात गेलो आणि जिलेबीचा रंग मागितला. दुकानदार म्हणाला, "तात्या, कुणाचं लगीन काढलं?"

"लगीन न्हाय. म्हातारीच्या शिरा बघायच्यात."

तो पुडी हातात धरून बघतच राहिला.

घरी येऊन वाटीत रंग कालवला. ओसरीवर ऊन होतं, तितं तिला बसवलं आणि मनगटापासून वर चोळायला लागलो.

"अवो, हळद लावायचं वय हाय का आपलं?"

"गप बस. हात हलवू नको."

चोळला, वाळू दिला, परत चोळला. उन्हाकडं हात धरून दोघंबी वाकून बघतोय. शीर न्हाय का काय न्हाय. नुसता पिवळाधमक हात. ती हसायला लागली. हसता हसता खोकला आला, तरी हसत होती.

नातीला फोन लावला. ती भडकली. "आबा, उंदराची कातडी किती पातळ असती! आणि ते काय औषध हाय का? धुवा आधी!"

साबणानं धुतला. रंग थोडा गेला, बाकीचा मुरला.

तिनं हात उलटसुलट करून बघितला. "एवढी खटपट केलीत म्हणून येते उद्या. पण एकदाच टोचायचं. न्हाय घावली तर सरळ घरी आणायचं मला."

"आणतो."

"तितं डाक्टरपुढं मान हलवाल."

"न्हाय हलवत. आणतो म्हणालो ना."

मग ती जरा टेकली. पहाटं चहा घेऊन गेलो, तर झोपंतच गेली होती.

सकाळी बाया जमल्या. अंगणात लुगड्याचा आडोसा धरून तिला आंघोळ घालत होत्या. आतनं माझी भावजय म्हणाली, "अगं बया, हे पिवळं कशाचं? निघंना. अंग घासायची वजरी आण."

पुरुषानं त्या आडोशात जायचं नसतं. मी गेलो. भावजयीच्या हातातली वजरी काढून घेतली.

"घासू नको. तितं सुयांनी ठणकतंय तिला."

"भावजी, आता कुठलं ठणकतंय?"

मी वजरी बाजूला ठेवली. खाली बसलो, तांब्यानं कोमट पाणी घातलं आणि तो हात नुसत्या बोटांनी धुतला.