बरगडीवरचं ठिगळ

नाचाचे झगमगीत पोशाख शिवण्यात मावशींचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे त्या स्वतःच सगळ्यांना सांगत. म्हणून लोक त्यांना चमकी मावशी म्हणत.

त्यांची भाची तलवारबाजी शिकत होती. तिच्या सरांनी तिचं धातूच्या तारांनी विणलेलं जाकीट दुरुस्तीला आणलं.

"बरगडीपाशी विरलंय. समोरच्या तलवारीचं टोक या कापडाला टेकलं की वीज वाहते, रंगीत दिवा लागतो आणि गुण मिळतो. ठिगळ मात्र मी आणलेल्या ह्याच तुकड्याचं लावा."

"कापडातलं मला शिकवता, सर?"

सर गेल्यावर त्यांनी तुकडा चुरगळून पाहिला. काळपट, खरखरीत. माझ्या भाचीच्या अंगावर असलं ठिगळ? छे! नाचाच्या झग्याचं रुपेरी कापड उरलं होतं, तेच लावलं. टाके असे, की डोळ्यांत तेल घालून शोधले तरी दिसू नयेत.

अंतिम सामन्यात समोरच्या उंच मुलीचं टोक थेट भाचीच्या बरगडीवर बसलं. पांढरा दिवा लागला. म्हणजे टोक जाकिटाबाहेर लागलं, वार फुकट. थोड्या वेळाने पुन्हा तिथेच, पुन्हा पांढरा.

"लागलं होतं हो!" मुलगी कळवळली.

"आधी नेम शिक, मग तोंड चालव," तिचे वडील बाकावरून गरजले.

मावशींच्या टाळ्या हातातच राहिल्या. झग्याच्या कापडात तार कुठली? नुसती प्लास्टिकची चकाकी. वर्षानुवर्षं तेच विकत घेत होत्या की त्या! भाची एका गुणाने जिंकली, गळ्यात पदक पडलं, तरी त्या गप्प.

"पुरे झालं हे खेळणं. उद्यापासून घरी बस," उंच मुलीचे वडील तिला म्हणाले.

तेव्हा कुठे मावशी उठल्या. "सर, ठिगळ मी माझ्या कापडाचं लावलं. तिचा नेम बरोबर होता."

सरांनी ठिगळाला वीज तपासायचा मीटर लावून पाहिला. काटा ढिम्म हलेना. भाचीने मुकाट्याने पदक काढून टेबलावर ठेवलं. दुसरं जाकीट घालून सामना पुन्हा झाला, आणि ती चार गुणांनी हरली.

मावशींनी उंच मुलीची माफी मागितली. "असू दे, आजी," एवढंच ती म्हणाली. वडील खाली पाहत राहिले.

परतताना भाची म्हणाली, "हरले त्याचं काही नाही गं, मावशी. पण तुला कळलं कधी? पदक मिळाल्यावर?"

"हो" म्हटलं असतं तर निभावलं असतं.

"दुसऱ्या पांढऱ्या दिव्याला," मावशी म्हणाल्या. मान काही त्यांना वर करता आली नाही.