भंडारा उधळणारं विमान

बिरोबाच्या जत्रेत माझं विमान पालखीवर भंडारा उधळणार, ही बातमी मी पोटात ठेवली होती, आईनं फोडली. मग काय विचारता! इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावापासून पार बारामतीपर्यंत, भेटेल तो विचारायचा, "कवा उडतंय?" मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मशीन दुरुस्तीचं काम करतो. तिथला वॉचमनसुद्धा गेट उघडायच्या आधी हेच विचारायचा.

विमान म्हणजे रिमोटवर उडणारं. तयार संच आणून जोडणाऱ्यांतला मी नव्हे. फोम कापण्यापासून सगळं घरी. आधीच्या विमानांची नाकं फुटली, शेपट्या मोडल्या, तेव्हा कुठं हे मनासारखं झालं. पोटाखाली श्रीखंडाचा रिकामा डबा बसवला आणि त्याला खालून उघडणारं झाकण केलं. बटण दाबलं की झाकण उघडणार आणि भंडारा, म्हणजे देवाची हळद, थेट पालखीवर. सुट्टीच्या दिवशी पंख मोटरसायकलला आडवे बांधून मी सुप्याकडच्या माळावर जायचो आणि डब्यात गव्हाचं पीठ भरून सराव करायचो. एकदा पीठ एका चरणाऱ्या मेंढीच्या पाठीवर नेमकं पडलं. ती दचकली, मी मात्र एकटाच नाचलो.

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, तरुणपणी मेंढरं घेऊन मुलूख हिंडलेले. आता ऊस करतात. त्यांचं मत ठरलेलं. "बाप्या मानसानं खेळन्यात जीव घालू न्हाय." माझं डोकं फिरायचं. गावासाठी, देवासाठी असं मी चारचौघांत सांगत होतो खरा, पण आतली गोष्ट निराळी होती. आबांनी एकदा मान वर करून ते विमान बघावं, एवढ्यासाठीच मी जिवाचं रान करत होतो.

जत्रा तोंडावर आली आणि मला वाटलं, देवाच्या कामाचं विमान पांढरं कसं शोभेल? शेंड्यापासून बुडापर्यंत पिवळं केलं, अगदी भंडाऱ्याच्या रंगाचं. माळावरच्या निळ्या आभाळात ते असं उठून दिसलं की डोळ्यांचं पारणं फिटलं! आईनं त्याला ओवाळलं. आपण काय माती खाल्ली आहे, हे तेव्हा ओवाळणारीलाही कळलं नाही आणि मलाही.

जत्रेच्या दुपारी पालखी देवळाबाहेर आली. ढोल असे घुमत होते की मी सभामंडपाच्या गच्चीवर उभा होतो, तरी तळपाय थरथरत होते. शेजारी आबा. "आई म्हनली म्हनून आलोय," एवढंच बोलले. मी गच्चीवरूनच रिमोटनं शाळेच्या मैदानावरचं विमान उचललं, वळवलं आणि पालखीच्या माथ्यावर आणून बटण दाबलं. पडला! पिवळी धार सरळ पालखीच्या छत्रीवर पडली! अर्धा भंडारा झाकणात अडकला, पण त्याची पर्वा कुणाला? खाली नुसता कल्लोळ. म्हातारी माणसं फेटे उडवत होती. मी तिरक्या नजरेनं पाहिलं, तर आबांची मान वर होती आणि तोंड उघडं!

मला आभाळ ठेंगणं झालं. राहिलेला भंडारा टाकायला मी दुसरा फेरा घेतला. आणि तेवढ्यात आमच्या गावानं तेच केलं जे आमचं गाव आनंद झाला की करतं. प्रत्येकानं पिशवीत हात घातला आणि मुठी भरभरून भंडारा वर फेकला. आख्ख्या गावाचा भंडारा एकदम वर उठला. देऊळ गेलं, पालखी गेली, समोर फक्त पिवळं. त्या पिवळ्यात माझं पिवळं विमान.

विमान डोळ्यांना दिसत नसलं की रिमोट असून नसल्यासारखा. ते येतंय की जातंय, काहीच कळेना. आवाज मात्र येत होता. मी देवाचा धावा केला आणि अंदाजानं वर ओढलं. ढगातून ते एकदम बाहेर आलं, तर तोंड माझ्याकडं. समोरून येणाऱ्या विमानाचं डावं-उजवं उलटं होतं, हे मला झोपेतही ठाऊक. पण हात घाबरला होता, तो चुकीच्या बाजूला वळला. देवळामागं माणूस नव्हता, जुनी चिंच होती. विमान तिच्या बुंध्यावर आदळलं. पंख इकडं, शेपटी तिकडं, आणि डबा फुटून राहिलेला सगळा भंडारा झाडावर असा उसळला की क्षणभर चिंच दिसेना.

एक क्षण ढोलसुद्धा थांबले. मग गावानं एका सुरात आरोळी ठोकली, "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" त्यांना वाटलं, हेच ठरलं होतं! शेवटी विमान फोडून देवाला वाहायचं, असाच माझा बेत होता! ढोल दुप्पट जोरानं सुरू झाले. खालून एक तात्या ओरडले, "नादखुळा! फुडच्या वर्सी बी आसंच फोडायचं!" पोरं फोमचे तुकडे प्रसाद म्हणून वाटायला लागली. मी हात हलवून हसत होतो. काळजात कळ आली होती आणि तरी अंगावर काटाही आला होता. एवढा जयजयकार माझ्या आयुष्यात कधी झाला नव्हता. एवढ्या लोकांसमोर रडायचं कसं, म्हणून दात आवळून उभा राहिलो.

आबा पुढं आले. माझ्या हातातला रिमोट त्यांनी काढून घेतला, उपरण्यात नीट गुंडाळला आणि काखेत धरला. मग कमरेच्या पिशवीतून मूठभर भंडारा घेऊन माझ्या कपाळाला, तोंडाला फासला आणि कानाशी वाकले.

"रड आता," म्हणाले. "कुनी इचारलं तर भंडारा डोळ्यात गेलाय म्हनून सांगतो मी."