साहेबांच्या कानामागे

आमच्या पुढच्या खोलीच्या खिडकीवर साहेबांचा डावा कान आला, तो दिवस मला चांगलाच आठवतो. त्या दिवशी वन्सं मला सोडून दुसऱ्या कुणाशी तरी भांडल्या.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. लग्न त्यांनी केलं नाही आणि मिंध्या कुणाच्या राहिल्या नाहीत. मी या घरात आले त्याच्या कितीतरी आधीपासून पुढच्या खोलीतली खिडकी त्यांची. खिडकीला लागून एक बिनहाताची खुर्ची, पायाशी कपड्यांचं गाठोडं आणि मांडीवर कुणाचा तरी फाटका कपडा. माझ्या लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी त्या खुर्चीवर बसून केस विंचरले होते. त्यावरून जे ऐकून घेतलं, ते अजून कानात आहे.

धंदा रफूचा. कपड्याला भोक पडलं की त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून दोरे काढायचे आणि मूळ विणीसारखे एक वर, एक खाली असे भोकात विणत जायचे. काम झालेलं दिसता कामा नये. एकदा एक वकील कोट न्यायला आला आणि म्हणाला, तुम्ही कामच केलेलं नाही, पैसे कसले मागता? वन्संनी कोट त्याच्या हातात दिला. म्हणाल्या, "भोक दाखवा आणि कोट फुकट न्या." बिचारा खिडकीशी उभा राहून बाह्या उलट्यासुलट्या करत राहिला, आणि शेवटी त्याला भोक आठवेनासं झालं. ही गोष्ट घरात आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकावी लागते. मला तर त्या कुठे थांबतात आणि कुठे हसतात तेही पाठ झालंय.

या कामाला खिडकीच लागते. दिव्याचा उजेड वरून पडतो, त्यात सगळे दोरे सारखे दिसतात. खिडकीचा बाजूने येतो, त्यात एकेका दोऱ्याची बारीक सावली पडते आणि वरचा कुठला, खालचा कुठला ते कळतं. आमच्या घरात अशी खिडकी एकच. स्वयंपाकघराची उघडते ती सांडपाण्याच्या पाइपांवर, तिथे दुपारीही दिवा लावावा लागतो.

तर एके सकाळी गच्चीवरून दोर सुटले आणि त्यामागून फ्लेक्स उलगडत खाली आला. इमारतीच्या अख्ख्या दर्शनी भिंतीएवढे साहेब, हात उंच करून हसणारे. वरच्या मजल्याला कपाळ मिळालं, खालच्याला हनुवटी, आम्हाला कान. खोलीत एकदम संध्याकाळ झाली, तीही तांबूस, कातडीच्या रंगाची.

वन्सं तडक घरमालकाकडे गेल्या. मागोमाग मी, कारण असा तमाशा कोण सोडणार?

"भिंत माझी आहे," घरमालक म्हणाला. "मी ती पक्षाला भाड्याने दिली."

"आणि खिडकी?"

"खिडकी भिंतीतच असते ना? पटत नसेल तर जागा सोडा. तुम्ही देता त्या भाड्यात आता कबुतरसुद्धा राहणार नाही."

यापुढे बोलायची सोय नव्हती. भाडं खरंच जुनं होतं आणि दुसरीकडे जायची आमची ऐपत नव्हती, हे त्यालाही माहीत होतं.

फ्लेक्स लावून घेणारा पक्षाचा माणूस खाली उभा होता. त्याच्या शर्टावर कायम पक्षाचा गोल बिल्ला, म्हणून सगळी गल्ली त्याला बिल्लाच म्हणते. झोपताना बनियनवरही लावत असेल. तो मात्र गोड बोलला.

"ताई, जरा कळ काढा. निवडणूक जवळ आली की आम्हीच उतरवणार."

"निवडणूक आली की लावतात. उतरवतात कधीपासून?"

"तीच तर गंमत आहे. मतदानाच्या आधीचे चार महिने पक्षाचा सगळा खर्च मोजला जातो. त्याला मर्यादा आहे. फ्लेक्स कधी छापला, पैसे कधी दिले, हे कुणी विचारत नाही. त्या चार महिन्यांत तो टांगलेला दिसला की धरला खर्चात, पूर्ण किमतीने. म्हणून खर्चाची मोजणी सुरू व्हायच्या आत आम्ही हे जुने सगळे काढून टाकू. आता कुणी मोजत नाही, म्हणून टांगलाय. निवडणूक पुढच्या वर्षी, म्हणजे फार तर हिवाळा संपेपर्यंत."

त्या दिवसापासून वन्सं मोजणीची वाट बघायला लागल्या. सगळ्या शहरात खर्चाच्या मर्यादेकडे डोळे लावून बसलेलं माणूस बहुधा एकच असेल, आणि ते आमच्या घरात होतं. सकाळी रेडिओ, दुपारी पेपर, संध्याकाळी मी शाळेच्या ऑफिसातून आले की पहिला प्रश्न, "काही ऐकलंस का ग?"

"वन्सं, मी तिथे फीच्या पावत्या फाडते. देश चालवत नाही."

दरम्यान समोरच्या दुकानातले घड्याळजी एक कोट घेऊन आले. काळा लोकरीचा, त्यांच्या गेलेल्या बायकोचा. छातीवर कसरीने नाण्याएवढं भोक पाडलं होतं. मुलगी परदेशातून येणार होती, तिला तो कोट आईची आठवण म्हणून द्यायचा होता. काळ्यावर काळं, म्हणजे रफूच्या कामातलं सगळ्यात अवघड. वन्संनी कोट ठेवून घेतला. म्हणाल्या, "मोजणी लागली की फ्लेक्स निघेल. निघाला की दोन दिवसांत देते."

बाकीची कामं परत जायला लागली. "उजेड नाही हो," म्हणायचं आणि गाठोडं हातात द्यायचं. सुरुवातीला लोक हळहळायचे. मग यायचेच बंद झाले. वारा सुटला की साहेबांचा कान खिडकीच्या गजांवर फटाफट आपटायचा. आमचे हे पहिल्यापासून कमी बोलणारे, ते आता खुणा करायला लागले. विचारलं तर म्हणाले, "ऐकतील ते." एवढाच काय तो विनोद त्यांनी त्या वर्षात केला.

मी म्हटलं, गच्चीवर जाऊन बसा. त्या कोट घेऊन गेल्या आणि चहा उकळायच्या आत खाली आल्या. म्हणाल्या, वारा फार आहे, दोरे उडतात. म्हटलं, निदान चष्मा तरी बदलून आणू. तर म्हणे, अंधारात चष्मा काय उजेड पाडणार? घड्याळजींनी एकदा डोळ्याला लावायचं आपलं भिंग आणून दिलं, अगदी साध्या मनाने. वन्सं त्यांच्या अंगावर अशा गेल्या की बिचारे जिन्यात चप्पल विसरून गेले. मला ते जरा जास्तच वाटलं, पण वन्संचा स्वभावच तसा, म्हणून मी सोडून दिलं. दिवसभर त्या खुर्चीवर बसून असायच्या, कोट मांडीवर, हात कोटावर. उभ्या आयुष्यात मी त्यांना रिकामं बसलेलं पाहिलं नव्हतं. मला ते बघवत नव्हतं आणि घर एवढं लहान की दुसरीकडे बघायलाही जागा नव्हती.

मग अचानक सरकार पडलं. रेडिओवर सांगितलं, मतदान दीड महिन्यात.

वन्संनी त्या सकाळी केस धुतले. खुर्ची पुसली. सुया काढून ओळीने मांडल्या. दुपार झाली तरी दोर सोडायला कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तेव्हा आम्ही दोघी पक्षाच्या कार्यालयात गेलो. बिल्ला पत्रकांच्या गठ्ठ्यांमागे बसला होता.

"निवडणूक लागली," वन्सं म्हणाल्या. "मोजणी कधी सुरू करताय?"

बिल्ल्याने डोकं खाजवलं. "ताई, मोजणी पुढे नसते हो, मागे असते. मतदानाचा दिवस धरायचा आणि तिथून चार महिने मागे जायचं. दिवसच आत्ता ठरला. मागे मोजलं तर कळलं की मोजणी अडीच महिन्यांपूर्वीच सुरू झालीय. आम्हाला तरी कुठे माहीत होतं?"

"म्हणजे मी वाट बघत होते, तेव्हा ती चालूच होती?"

"चालूच होती."

"बरं. मग आता तरी काढा."

"आता कशाला? तो खर्चात धरला गेला. आज काढला तरी तेवढाच आणि मतदानापर्यंत ठेवला तरी तेवढाच. उलट काढायला माणसं लावली तर त्यांची मजुरी वर चढेल. वरून हुकूम आहे, टांगलेलं सगळं राहू द्या."

माझा पारा चढला. "अहो, यांचा धंदा बसला त्या फ्लेक्समुळे! तुमच्या कायद्यात त्याचं काही आहे की नाही?"

"कायदा खर्चाचा आहे, वहिनी," तो म्हणाला. "उजेडाचा नाही." त्याला खरंच वाईट वाटत होतं असं मला वाटलं, आणि त्यामुळे मला त्याचा जास्तच राग आला.

परत येताना वन्सं जिन्याच्या पहिल्या वळणावर थांबल्या. कठडा धरून म्हणाल्या, "मोजत नव्हते म्हणून लावला. मोजतात म्हणून काढत नाहीत. मग निघायचा कधी ग?"

मतदान झालं. मत कुणाला दिलं विचारलं, तर वन्सं म्हणाल्या, "ज्याचे कान सगळ्यात लहान त्याला." तो पडला. साहेब निवडून आले.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर पावलं वाजली. कान सैल झाला, चुरगळला आणि खाली गेला. खोलीत उजेड आला. एवढा की आधी नुसती धूळच दिसली, गजांवर, रेडिओवर, सगळीकडे. मी वेड्यासारखी हसत सुटले. वन्संनी खुर्ची खिडकीशी ओढली, कोट घेतला आणि बसल्या. ते बसणं बघून मला इतकं बरं वाटलं की मी चहात साखर दोनदा घातली.

चहा घेऊन आले तर खाली बिल्ल्याची हाळी, "सांभाळून! मोठा आहे!" खिडकीतून वाकून बघते, तो रस्त्यावर नवा फ्लेक्स गुंडाळून ठेवलेला.

"हा कसला आता?"

"आभाराचा, वहिनी!" बिल्ला खालून ओरडला. "मतदान झालं, खर्चाची मोजणी संपली. आता कितीही लावा!"

"वर आणून तर बघा! दोर कापीन! पोलीस बोलावीन!" मी सुरू झाले. काय काय बोलले ते आता लिहीत नाही. जिन्यातली माणसं बाहेर आली. "वन्सं, तुम्हीही बोला की," म्हणून मी मागे वळले.

उजेड बाजूने त्यांच्या मांडीवर पडला होता, अगदी हवा तसा. डाव्या अंगठ्याने त्या भोकाची कड चाचपत होत्या. उजव्या हातातली सुई भोकापासून चार बोटं दूर, धड कापडात, एक वर एक खाली अशी चालली होती. जिथे काही फाटलंच नव्हतं तिथे त्या रफू करत होत्या.

माझं ओरडणं थांबलेलं त्यांना कळलं असावं. सुई थांबली.

"उजेड आला ना ग पुरता?" त्यांनी विचारलं.

"आला."

मग म्हणाल्या, "त्या दिवशी गच्चीवर वारा नव्हता."

मी त्यांच्या पायाशी बसले. वीस वर्षांत आम्ही एकमेकींचा हात कधी धरला नव्हता, कसा धरतात तेही माहीत नव्हतं, म्हणून मी त्यांच्या मांडीवरचा कोट धरला. मला रडू येत होतं आणि खाली बिल्ला विचारत होता, "वहिनी, लावू का नको?"

"लावू दे त्यांना," वन्सं म्हणाल्या.

मी खिडकीत गेले. "लावा," म्हटलं. बिल्ल्याला खरं वाटेना. मी यात काही डाव टाकलाय की काय, या शंकेने तो बराच वेळ वर बघत राहिला. मग दोर ओढले गेले. या वेळी आमच्या वाट्याला 'आभारी'तला 'भा' आला.

पुढच्या आठवड्यात त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासून ते म्हणाले, डोळ्याची आतून झीज झालीय, गेलं ते परत येणार नाही. कधीपासून त्रास होतोय, विचारलं.

"कान लागला तेव्हापासून," वन्सं म्हणाल्या.

डॉक्टर त्यांचे कान बघायला लागले. मी सगळं समजावून सांगितलं. "तेव्हाच यायला हवं होतं," ते म्हणाले. "औषधाने थोपवता आलं असतं."

"तेव्हा मी मोजणीची वाट बघत होते," वन्सं म्हणाल्या.

घड्याळजी परवा कोटाची चौकशी करायला आले. दारातच उभे राहिले, आत यायला अजून घाबरतात. वन्सं खुर्चीवर होत्या, कोट मांडीवर. त्यांनी चेहरा माझ्याकडे वळवला. आयुष्यात पहिल्यांदा त्या माझ्याकडे काहीतरी मागत होत्या, आणि ते द्यायला मला जराही जड गेलं नाही.

"कोट कसा होणार?" मी खेकसले. "बघताय ना? मेल्यांनी पुन्हा टांगलाय. उजेड कुठाय घरात?"

घड्याळजींनी खिडकीकडे पाहिलं. मग वन्संच्या हातांकडे पाहिलं, बराच वेळ. आयुष्यभर बारीक काम केलेला माणूस तो.

"घाई नाही," ते म्हणाले. "मुलीला कळवतो. हा फ्लेक्स निघाला की बघू."

"आता मोजणी नाही," वन्सं म्हणाल्या. "आता तो काही लवकर निघायचा नाही."

"नाही," घड्याळजी म्हणाले, आणि चपला हातात घेऊनच जिना उतरले.