सतरावा प्रश्न

लिफ्टच्या तपासनिसाकडे लोक दोनदाच नीट बघतात. तो येतो तेव्हा धास्तीने आणि सही करून निघतो तेव्हा सुटकेने. मधल्या वेळात तो खालच्या खड्ड्यात उतरलेला असतो, नाहीतर गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत हाताचं ग्रीस पुसत उभा असतो. तिथे त्याला कोणी बघत नाही. या तपासनिसांनी अशी चौतीस वर्षं काढली. तपासणीच्या कागदावर तेवीस कलमं असत. बाकीचे तपासनीस दहा-बारा बघून उरलेल्यांपुढे एका झटक्यात बरोबरच्या खुणा ओढत. हे तेवीसच्या तेवीस बघत. म्हणून खात्यात त्यांचं नाव पडलं तेवीसकलमी. निवृत्तीच्या भाषणात साहेबांच्या तोंडूनही तेच निघून गेलं, आणि सगळ्यांच्या आधी हे हसले.

बायकोने मात्र त्यांना 'अहो'खेरीज दुसरी हाक कधी मारली नाही. त्या एका 'अहो'त पंधरा-वीस जाती होत्या. दूध उतू गेल्याचा वेगळा, पाहुणा दारात उभा असल्याचा वेगळा. रविवारी दुपारी रेकॉर्ड संपून गेलेली असे, हे खुर्चीत पेंगत असत, तेव्हा आतून येणारा सगळ्यांत वेगळा. "अहो, सुई." म्हणजे गाणं केव्हाच संपलं, सुई नुसती खरखरतेय, उठा आणि उचला.

आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी पक्षाघाताने तिचे शब्द गेले. उजवा हातही गेला होता, तो व्यायामाने हळूहळू परत आला. शब्द आले नाहीत. समजायचं सगळं. कोणी चुकीचं बोललं तर भुवई वर जायची, पूर्वीसारखीच. पण ओठांपर्यंत आलेलं तिथेच विझायचं, आणि मग ती खिडकीच्या गजावर बोट फिरवत बसायची.

वाचेचे व्यायाम घ्यायला एक मुलगी येत असे. ती म्हणाली, "काका, बोलणं आणि गाणं डोक्यात एकाच खोलीत राहत नाहीत. एकीचं दार अडकलं तर कधीकधी शेजारणीकडून आत जाता येतं. काकूंना अगदी लहानपणापासून पाठ असलेली गाणी लावा. पण रेंगाळू नका. पहिल्या वर्षात जे यायचं ते जास्त येतं."

गाणी फोनवर लावली. तिच्या माहेरून आलेल्या सहा रेकॉर्डी घरात होत्या, तिच्या वडिलांच्या, काळ्या, जड, पडल्या तर काचेसारख्या फुटणाऱ्या. त्यातलं तिचं आवडतं गाणं फोनवर स्वच्छ मिळालं. पहिल्या ओळीला तिचे ओठ हलले. दुसऱ्या कडव्यात ती अडखळली आणि तोंड भिंतीकडे वळवलं. तीनदा लावलं, तीनदा तेच.

कारण तपासनिसांच्या ध्यानात आलं ते चौथ्या दिवशी, दाढी करताना. रेकॉर्डीवर त्या जागी एक चरा होता. तिथे 'सांग' हा शब्द तीनदा वाजे आणि मग सुई आपणहून पुढे सरके. ती सहा वर्षांची असल्यापासून ते गाणं तसंच म्हणत आली होती. फोनवरची बाई एकदाच सांग म्हणून पुढे निघून जायची, आणि ही मागे उरलेले दोन 'सांग' हातात घेऊन रस्त्यात उभी.

म्हणजे रेकॉर्डच लावायला हवी होती. घरातल्या प्लेअरची मोटर कधीच जळली होती आणि मिस्त्रीने हात टेकले होते. दुकानात नवे प्लेअर होते, पण ते दोन वेगांचे. या रेकॉर्डींना लागणारा मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांचा वेग एका खेळण्यासारख्या यंत्रात निघाला. तपासनिसांनी दुकानातच घड्याळ लावून फेरे मोजले. त्र्याऐंशी भरले. दुकानदार म्हणाला, "काका, पाचाने काय होतंय?" तपासनीस म्हणाले, "लिफ्टमध्ये काय होतं ते मला माहीत आहे," आणि बाहेर पडले.

उरल्या फोनवरच्या जुन्या वस्तूंच्या जाहिराती. सुनेने त्या उघडून दिल्या. मुलगा जहाजावर असे, सहा-सहा महिने पाण्यावर, त्यामुळे घरचा कारभार सुनेकडे. ती दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायला आणि वेळा द्यायला बसायची.

दीड महिन्यात तपासनिसांनी एकोणीस जणांना लिहिलं. एकाने लिहिलं 'आहे', आणि त्यानंतर जणू जमीन दुभंगून आत गेला. एकाने नुसता अंगठा पाठवला. एक जण रविवारी या म्हणाला, पत्ता मागितल्यावर रविवार उलटून गेला तरी गप्प. एकाच्या जाहिरातीत 'उत्तम स्थितीत' असं होतं, त्याला उत्तम म्हणजे काय असं विचारलं, तर त्याने जाहिरातच काढून टाकली. बाकी बहुतेकांनी नुसतं वाचलं. वाचल्याच्या निळ्या खुणा उमटत आणि त्यापुढे काही नाही. तपासनिसांना त्या खुणांचा राग येई. लिफ्टचं बटण पेटतं, लिफ्ट येत नाही, आणि माणूस तिथे पेटलेल्या बटणाकडे बघत उभा राहतो, तसं ते होतं.

एका संध्याकाळी सुनेने त्यांचा फोन मागितला. "बाबा, तुम्ही लिहिता तरी काय, बघू."

तिने वाचलं. खाली सरकवलं, आणखी खाली सरकवलं. मग खुर्ची ओढून बसली.

"तेवीस आहेत."

"हो."

"'सुई शेवटची कोणी व कधी बदलली.' 'यंत्र सपाट जागी ठेवले असता तबकडी किती झुकते.' बाबा, हा माणूस जुना प्लेअर विकतोय. तो काय विमान उडवतोय का?"

"विचारलं नाही तर कळणार कसं?"

"आमच्याकडे येणाऱ्याला मी एकच विचारते, कुठला दात. बाकीचं तोंड उघडलं की दिसतं." ती पुन्हा वाचू लागली. "आणि हा सतरावा. 'विकण्याचे खरे कारण काय.' खरे? म्हणजे बाकीचं त्याने खोटं सांगितलं असं तुम्ही आधीच धरून चालला आहात. उत्तर कोण देईल? मी असते तर मीही पळाले असते."

पलंगावरून तपासनिसांच्या बायकोची भुवई वर गेली. ती कोणाच्या बाजूने होती हे विचारायची गरज नव्हती.

"दोन बायकांपुढे माझं काय चालणार," तपासनीस म्हणाले. पण ते अर्धंच थट्टेत होतं. आयुष्यभर ज्या कागदाच्या जोरावर आपण चाललो, त्यानेच वर्षातल्या उरलेल्या चार महिन्यांतला दीड महिना खाल्ला, हे त्यांना आत कुठेतरी खिळ्यासारखं लागलं.

एकोणीस जणांपैकी एक जाहिरात मात्र त्यांच्या मनातून जात नव्हती. पेटीसारखा, झाकणाचा प्लेअर, स्पीकर आतच, तीन वेगांचा. विकणारीने प्रश्न मिळाल्यावर 'बघते' एवढंच लिहिलं होतं, नऊ दिवसांपूर्वी. त्यानंतर दोन फोन केले, उचलले नाहीत. तपासनिसांनी जाहिरातीतला फोटो पुन्हा उघडला. प्लेअर एका स्टुलावर ठेवला होता, घराबाहेर, जिन्याच्या मोकळ्या जागेत, उजेड चांगला म्हणून असेल. मागे जुन्या लिफ्टचं घडीचं जाळीदार दार अर्धवट आलं होतं.

त्यांनी फोटो मोठा केला आणि मोठा करतच राहिले.

त्या दाराच्या सगळ्या पट्ट्या गोलसर होत्या, जुन्या घडणीच्या. डावीकडून तिसरी तेवढी चपटी, साधी लोखंडी. ती पट्टी त्यांना ठाऊक होती. वीस वर्षांपूर्वी मूळची वाकली होती, त्यांनी कलम अकराखाली शेरा मारला, आणि मालकाने स्वस्तात दुसरीच आणून बसवली, तेव्हा त्यावरून तासभर वादही झाला होता. बाजूच्या पाटीवर मजला लिहिलेला दिसत होता. चौथा.

"ही इमारत मला माहीत आहे," ते म्हणाले.

सुनेने त्यांच्याकडे रोखून बघितलं. "बाबा, न बोलावता कोणाच्या दारात जाऊन उभं राहायचं नाही. एकटी बाई असेल तर घाबरेल."

"दारात नाही जाणार. खाली उभा राहून लिहीन. नको म्हणाली तर परत फिरेन."

"आणि काय लिहाल? कलमं?"

"नाही," ते म्हणाले. "कलमं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला ते त्या इमारतीखाली उभे होते. लिफ्टच्या दाराला दोरीने पुठ्ठा टांगलेला, 'बंद'. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि लिहिलं. 'मी रेकॉर्ड प्लेअरसाठी लिहिलं होतं. फोटोतली लिफ्ट ओळखली, कारण पूर्वी मीच ती तपासायचो. खाली उभा आहे. प्रश्न मागे घेतो. फक्त वाजतो का ते बघू द्याल का? नको असेल तर तसं कळवा, लगेच जातो.'

निळ्या खुणा उमटल्या. ते पेटलेल्या बटणाकडे बघत राहिले. पाच मिनिटं. सात. मग अक्षरं आली. 'लिफ्ट चार दिवस बंद आहे. माझे गुडघे उतरत नाहीत. तुम्हीच चढा.'

चौथ्या मजल्यावर दार उघडं होतं. आत त्यांच्याच वयाच्या एक बाई टेबलाशी बसल्या होत्या, केस आखूड कापलेले, पाठ ताठ. खूप वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत त्या परीक्षानळ्या धुवायच्या आणि तराजू लावायच्या, हे नंतर कळलं. समोर वही होती, शेजारी पट्टी, छोटं घड्याळ आणि गवंडी वापरतात तसली पाण्याच्या बुडबुड्याची पातळी.

"तेवीस प्रश्नवाले तुम्हीच का?" त्यांनी गरजेपेक्षा मोठ्याने विचारलं.

"हो. माफ करा, तुमचा उगाच..."

"मोठ्याने बोला, नाहीतर लिहा. मला फार कमी ऐकू येतं. फोन तर वाजलेलाही कळत नाही." त्यांनी वही त्यांच्याकडे वळवली. "सोळा झाले. नववा करायला शेजाऱ्याकडून ही पातळी मागून आणावी लागली. चौदाव्याला फेरे मोजायचे होते. चार वेळा मोजले, अठ्ठ्याहत्तर."

तपासनीस वहीकडे बघत राहिले. ठळक, सरळ अक्षरात सोळा उत्तरं, मोजमापांसकट. जन्मात इतक्या प्रामाणिकपणे भरलेला कागद त्यांच्यासमोर आला नव्हता. सतरा हा आकडा लिहिलेला होता, पुढे जागा कोरी.

"इथे पेन थांबलं," बाई म्हणाल्या. "खरे कारण. खोटं लिहायला मला येत नाही आणि खरं लिहिवेना. म्हणून नऊ दिवस राहिलं. तुम्हाला वाटलं असेल, बाई पळाली."

तपासनीस समोरची खुर्ची ओढून बसले.

बाईंनी प्लेअरच्या झाकणावर हात ठेवला. "आता त्यातून मला फक्त फिरणं दिसतं. वर्षभर तसंही लावत होते. तबकडी फिरते, बघत बसते. मग एक दिवस वाटलं, हे काही बरोबर नाही. आवाजावर दुसऱ्या कोणाचा तरी हक्क असेल." त्यांनी पेन पुढे केलं. "आता तुम्ही लिहा. घेण्याचं खरं कारण."

चौतीस वर्षं हजारो कागदांवर लिहिणाऱ्या त्या माणसाचा हात वहीवर अधांतरी राहिला. मग त्यांनी लिहिलं की बायकोचं बोलणं गेलं आहे, गाणं कदाचित उरलं असेल, आणि एका चऱ्याची गोष्ट, तीनदा वाजणाऱ्या एका शब्दाची. ओळी तिरक्या गेल्या.

बाईंनी वाचलं. सतराव्याच्या कोऱ्या जागेत त्यांनी 'उत्तर दिले' असं लिहिलं आणि वही मिटली. जाहिरातीत होती तेवढी रक्कम त्यांनी मुकाट्याने घेतली.

आता जड पेटी चार मजले खाली कशी न्यायची. तपासनीस लिफ्टच्या जाळीशी उकिडवे बसले. दाराच्या खालच्या खोबणीत त्यांना अपेक्षित होतं तेच दिसलं. कोणाच्या तरी बुटाबरोबर आलेला चिंचोक्याएवढा खडा, त्यामुळे दार दोन बोटं उघडं राहत होतं आणि लिफ्ट हलायला तयार नव्हती. किल्लीच्या टोकाने त्यांनी तो उकरून काढला. दार खटकन लागलं. आत दिवा आला.

"कामावर असताना कधी दुरुस्त केलं होतं का काही?" बाईंनी मागून विचारलं.

"नाही. नुसत्या चुका काढल्या." मग बाईंना कमी ऐकू येतं हे त्यांना आठवलं, आणि त्यांनी तेच पुन्हा मोठ्याने सांगितलं.

बाई हसल्या. "मग मलाही खाली सोडा. चार दिवसांत ऊन बघितलं नाही."

घरी सुनेने टेबल रिकामं केलं. तपासनिसांनी प्लेअर ठेवला, फेरे मोजले नाहीत. रेकॉर्ड लावली. खरखर आली, आणि त्या खरखरीनेच तिने मान वळवली. ओठ हलले. पहिलं कडवं गेलं. दुसऱ्यात चरा आला आणि तिचा आवाज आला, बारीक, गंजलेला, एक सुराने खाली, पण आवाज. सांग. सांग. सांग. आणि ती चऱ्याबरोबर पुढे सरकली, पुढच्या ओळीत, तिच्यापुढच्या ओळीत. सुनेने पदराचं टोक तोंडाशी धरलं होतं. तपासनीस आपल्या खुर्चीत बसले होते.

गाणं संपलं. सुई आतल्या रिकाम्या जागेत खरखरत राहिली. कोणी हललं नाही.

पलंगावर तिची बोटं चादरीवर दोनदा आपटली. भुवई वर गेली. ओठांशी काहीतरी आलं, विझतंय असं वाटलं आणि विझलं नाही.

"सुई," ती म्हणाली.

तपासनिसांनी ऐकलं. पण ते उठले नाहीत. डोळे मिटून, पेंगल्यासारखे, जागचे हलले नाहीत. तबकडी फिरत होती, मिनिटाला बरोबर अठ्ठ्याहत्तर, आणि ते एकेक फेरा मोजत थांबले होते.

बाराव्या फेऱ्याला तिचा धीर सुटला.

"अहो," ती म्हणाली. "सुई."