दोन किल्ल्यांचा संगणक

किल्लीकाकांच्या घरी संगणक सुरू करायला दोन माणसं लागत. आधी काका खुर्चीत बसत आणि पासवर्डचा पहिला अर्धा भाग टाइप करत. तेवढा वेळ काकू भिंतीकडे तोंड करून उभ्या असत. मग काका उठत आणि काकू बसत. काकू पदर सावरून एका बोटाने दुसरा अर्धा भाग टाइप करत, तोवर काका कॅलेंडरवरच्या तिथी वाचत. त्यांचा अर्धा भाग काकूंना माहीत नव्हता आणि काकूंचा त्यांना. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. काका म्हणाले, "हसू नका, पाटबंधारे. चौतीस वर्षं मी अशाच तिजोरीपाशी काढलीत. एका किल्लीने उघडतं ते कुलूप नव्हे, ती नुसती कडी."

काका नाशिक रोडच्या नोटा छापणाऱ्या प्रेसमधून निवृत्त झालेले. मी पाटबंधारे खात्यात पावसाची आणि धरणाच्या पातळीची नोंद ठेवायला, म्हणून त्यांच्या लेखी माझं नावच पाटबंधारे. जेल रोडला आमची सोळा बिऱ्हाडांची सोसायटी. ते तळमजल्यावर, मी समोरच्या जिन्याने वर. 'किल्लीकाका' हे नाव सोसायटीने ठेवलं होतं आणि ते त्यांना आवडत असे. नोकरीतल्या सवयी त्यांनी घरी तशाच आणल्या होत्या. कामाला गेलेला माणूस संध्याकाळी हात वर करून झडती देऊनच बाहेर पडायचा, हे ते अभिमानाने सांगत. "झडती घेणारा माझा मित्र होता. रोज घ्यायचा. त्याने एक दिवस सोडली असती तर मी त्याच्याशी बोलणं टाकलं असतं."

जावयाने संगणक दिला तेव्हा काका एकसष्ट वर्षांचे होते. वही घालून ते शिकले. कुठलं बटण दाबलं की काय होतं, हे त्यांनी बहात्तर पानांत लिहून ठेवलं होतं. पुढे सोसायटीत कुणाचा संगणक अडला, कुणाला बँकेच्या नावाने फोन आला की लोक आधी काकांकडे जात. काका पहिला प्रश्न एकच विचारत, "घाई कोण करतंय? तुम्ही का तो?" पलीकडचा घाई करतोय असं कळलं की म्हणत, "मग ठेवा फोन. खरं काम आपल्या वेळेने होतं."

एकदा एक तरुण विक्रेता अँटिव्हायरस घेऊन दारोदार फिरत आला. त्याला काकांकडे कुणी पाठवलं ते मला माहीत आहे, पण सांगत नाही.

"आमचं पॅकेज घेतलं की शंभर टक्के सुरक्षा, काका."

काकांनी खोकं उलटं करून चष्मा वर केला. "शंभर टक्के ना? मग इथे बारीक अक्षरात कंपनी जबाबदार नाही, असं कशाला छापलंय?"

"ते सगळेच छापतात."

"सगळेच छापतात म्हणजे कुणालाच खात्री नाही. आणि वर्षभराने मुदत संपली की काय होतं?"

"मग धोका वाढतो ना."

"म्हणजे राखणदारच सांगणार की चोर वाढलेत, माझा पगार चालू ठेवा."

काकू आतून पोहे घेऊन आल्या. "अहो, त्याला खाऊ तर द्या, मग घ्या झडती." पोरगा मनापासून हसला. पोहे खाऊन जाताना त्याने काकांना खोकं तसंच भेट द्यायला काढलं, तर काकांनी घेतलं नाही. "फुकट आलेली वस्तू मी दोनदा तपासतो. तेवढा वेळ नाही."

त्यांच्या संगणकावर लिनक्स ही सिस्टीम होती. त्याचं कारण ते मिसळीवरून सांगत. "ज्याची चूल समोर दिसते, त्याच्याकडेच मिसळ खावी. या सिस्टीमची चूल उघड्यावर आहे. कुणीही येऊन बघावं, आत काय घातलंय." यावर काकू म्हणत, "पण तुम्हाला तरी कुठे कळतं, कढईत काय चाललंय ते?" काका शांतपणे म्हणत, "मला नाही कळत. पण ज्याला कळतं असा कुणीतरी तिथे उभा असतो. बंद दाराआडच्या मालकापेक्षा तो बरा." माझ्या मुलाने एकदा वाद घातला की बंद दाराआडसुद्धा स्वच्छ स्वयंपाक होतो. काकांनी ते मान्य केलं. "होत असेल. माझा आरोप नाही. मला दिसत नाही, एवढंच."

माझा पासवर्ड त्यांनी तिसऱ्या खेपेला ओळखला होता. त्याआधी चहा पिताना त्यांनी सहज विचारलं, की धरण पूर्ण भरलं की पातळी किती असते. मी दशांशासकट सांगितली. दहा मिनिटांनी माझा लॅपटॉप त्यांच्यासमोर उघडा होता. मी ओशाळलो. काका म्हणाले, "यात हुशारी नाही. माणूस कळला की पासवर्ड कळतो." हे वाक्य त्यांनी मोठ्या समाधानाने म्हटलं होतं. पुढे ते त्यांना फार महागात पडलं.

काकू बागलाणातल्या नामपूरच्या. माहेरची बोली अहिराणी. काका नाशिकचे, त्यांना अहिराणी येत नव्हती आणि चाळीस-बेचाळीस वर्षांत त्यांनी ती शिकायची खटपटही केली नाही. मुलगी मंजू बंगळुरूला. तिची इरा सहा वर्षांची झाली तेव्हा काकूंनी ठरवलं की माहेरच्या गोष्टी नातीसाठी अहिराणीत बोलून ठेवायच्या. दुपारी खोलीचं दार लावून त्या संगणकासमोर बोलत आणि काका बाहेर स्टुलावर बसून पहारा देत. कुणी बेल वाजवू नये म्हणून त्यांनी बेलचं बटणच बंद केलं होतं. प्रत्येक गोष्टीचं नाव, तारीख आणि मिनिटं वहीत लिहायची, हे काकांचं काम. वीस झाल्या की दिवाळीत पेनड्राइव्ह हातोहात न्यायचा. मी म्हटलं, "काका, इंटरनेटवरून पाठवून द्या ना, दोन मिनिटांचं काम." त्यांना पटलं नाही. "हिच्या वडिलांनी कधी आपला कांदा दुसऱ्याच्या कांदाचाळीत साठवला नाही. आम्ही तिचा आवाज ठेवू?" त्यांनी सगळ्याची दुसरी प्रतही केली होती आणि ती डिस्क माझ्या कपाटात ठेवायला दिली होती. अर्थात त्याच दोन किल्ल्यांच्या कुलपात.

एकोणीस झाल्या होत्या, तेव्हा काकूंना मेंदूचा झटका आला. तीन दिवसांत त्या गेल्या.

तेरावं झाल्यावर मंजू म्हणाली, "बाबा, आईच्या गोष्टी लावा ना." आम्ही पाच-सहा जण त्या खोलीत होतो. काका खुर्चीत बसले, आपला अर्धा भाग टाइप केला आणि सवयीने उठून कॅलेंडरकडे तोंड करून उभे राहिले. खुर्ची रिकामी. किती वेळ ते तसे उभे होते ते मी मोजलं नाही. एरवी मी मोजतो.

दोन दिवसांनी काकूंच्या कपाटात साड्यांखाली लाखेने बंद केलेलं एक पाकीट निघालं. मंजू धावत घेऊन आली. आत काकांच्या अक्षरात काकांचाच अर्धा भाग होता. वर लिहिलं होतं, 'माझ्यानंतर उघडावे.'

मी हळूच विचारलं, "प्रेसमध्ये किल्लीवाला आजारी पडला तर काय करत?"

"बदली किल्ली असते. पाकिटात, लाख लावून, दुसऱ्याच्या ताब्यात."

"मग काकूंची?"

काका बराच वेळ पाकीट उलटंसुलटं करत राहिले. "मी आठ वर्षांनी मोठा. रक्तदाब माझा. गोळ्या माझ्या. ती आधी जाईल हे मी हिशेबात धरलंच नाही हो."

मेन रोडवरच्या एका दुरुस्तीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "काका, मशीन चालू करून देतो, फक्त आतलं सगळं पुसावं लागेल." काकांनी त्याला नमस्कार केला आणि मशीन उचललं. रिक्षात म्हणाले, "कुलूप चांगलं आहे. फुटत नाही." मग मशीन मांडीवर नीट धरून बसले.

तेव्हापासून आमचे शनिवार सुरू झाले. मला सुट्टी, त्यांना रिकामी दुपार. तीनदा चुकलं की मशीन पुन्हा सुरू करावं लागे. दर शनिवारी चार वेळा सुरू करायचं, म्हणजे बारा शब्द. मी यादी केली, क्रमांक घातले. पहिल्या शनिवारी मंजूचं नाव, इराचं नाव, लग्नाची तारीख, कुलदैवत, सगळं संपलं. दुसऱ्या शनिवारी काका म्हणाले, "तिचा आवडता रंग घाला."

"कुठला?"

"हिरवा असावा. का मला आवडतो म्हणून ती नेसायची?"

ज्या माणसाने माझा पासवर्ड एका चहात ओळखला होता, त्याला बायकोचा ओळखता येईना. मग ते विचारत सुटले. भाजीवालीला विचारलं, तर कळलं की काकूंना दोडका आवडत नसे. घरी तो आठवड्यातून दोनदा होई, कारण काकांना आवडे. भजनाच्या बायकांना विचारलं, तर कळलं की त्या नकला फार छान करत, त्यातली एक काकांची. काका येऊन मला हे सांगत आणि म्हणत, "लिहा." शब्द म्हणून घालण्यासारखं त्यात काही नसे, तरी मी लिहून घेई. पूर्वी काकांनी असं काही विचारलं की काकू डोळे मिचकावून अहिराणीत म्हणत, "तुम्हले काय करनं शे?" आणि काका पेपर पुढे ओढत.

दोनशे चार शब्द झाल्यावर आम्ही नामपूरला गेलो, काकूंच्या मोठ्या बहिणीकडे. अक्का पंच्याहत्तरीच्या, पण आवाज खणखणीत. शब्दाबद्दल त्यांना काही सांगता येईना. तेव्हा काकांनी पिशवीतून ती वही काढली आणि गोष्टींची नावं वाचायला सुरुवात केली. अक्कांचा चेहरा उजळला. "ह्या तं मायन्या गोष्टी! बठ्ठ्या माले येतस." आणि आईच्या तोंडून ऐकलेल्या त्या गोष्टी त्या सांगू लागल्या. त्यांचा आवाज जाडसर, काकूंसारखा मुळीच नव्हता. पण वाक्य संपताना एक हेल यायचा, तो तोच. प्रत्येक हेलाला काका मान वर करत. मधूनच थांबवून शब्दाचा अर्थ विचारत. अक्का चिडल्या. "बेचाळीस वरीस काय करं तुम्ही?"

"पहारा केला," काका म्हणाले.

मी फोन काढून विचारलं, "रेकॉर्ड करू का? कुठे ठेवू, कसं ठेवू ते तुम्ही सांगा."

"करा. इराला आत्ता इथून पाठवा. सोसायटीच्या ग्रुपवरसुद्धा टाका."

"कुलूप?"

"नको. कुणालाही ऐकू दे."

एकोणिसातल्या अकरा गोष्टी अक्कांना येत होत्या. उरलेल्या आठांच्या नावांवर त्या प्रत्येक वेळी मान हलवत. "ही मायनी नही. ही तिनीच शे." काकूंनी रचलेल्या. त्यांतलं सहावं नाव होतं 'दाराबाहेरचा राजा'. काकांनीच ते सुंदर अक्षरात, मिनिटांसकट, लिहून ठेवलेलं होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग अक्कांना विचारलं, "यात काय असेल?"

अक्का हसल्या. "माले काय माहीत? तुमना घरनी गोष्ट शे."

परतीच्या बसमध्ये काका वही मांडीवर उघडी ठेवून बसले होते. सटाणा मागे गेल्यावर म्हणाले, "नऊ मिनिटं बोलली आहे. मी दाराला पाठ लावून बसलो होतो, पाटबंधारे. एक शब्द ऐकला नाही."

त्या पावसाळ्यात मंजू त्यांना बंगळुरूला घेऊन गेली. संगणक त्यांनी माझ्याकडे ठेवला, आणि त्यांच्या अर्ध्या भागाचं ते पाकीटही. शनिवारी फोन येई, ते तीन-चार शब्द सांगत, मी टाइप करत असे आणि "नाही, काका" म्हणत असे. पुढे पुढे त्यांचे शब्द कमी झाले आणि गप्पा वाढल्या. दीड वर्षाने, झोपेतच, ते गेले. यादीतला शेवटचा क्रमांक तीनशे एकतीस आहे.

शेवटच्या फोनवर त्यांनी एकही शब्द सांगितला नाही. आवाज थकलेला, पण खुशीत होता. म्हणाले, "हल्ली इरा शाळेतून आली की मी तिला 'दाराबाहेरचा राजा' सांगतो."

मी दचकलो. "उघडलं का? कसं?"

"उघडलं कुठे! मलाच सांगावी लागते. खरी कशी असेल ते माहीत नाही, म्हणून रोज वेगळी सांगतो. कधी राजा आत जातो, कधी राणीच बाहेर येते. काल पोरगी विचारत होती, आजोबा, यातली आजीची कुठली?"

"मग काय सांगितलंत?"

"म्हटलं, अजून ती आलेली नाही. उद्या पुन्हा बसू."